घरातला धूर आणि चव्हाट्यावरचे राजकारण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



वर्ध्यासारख्या गावात कार्यकर्त्यांची बैठक बहुधा कोणाच्या तरी घरीच भरते. ओसरीवर सतरंजी पसरलेली असते. कापसाचा भाव, महागाई, नगरपालिकेचा कारभार ह्या विषयांवर तावातावाने चर्चा चाललेली असते. मध्येच आतून चहा येतो. चहा ठेवणारी बाई पदराने डोळे पुसत पुन्हा आत जाते. तिचा खोकला ओसरीवर ऐकू येतो, परंतु तो जुनाच असल्यामुळे घरातल्यांना त्याची सवय झालेली असते आणि बैठकीला आलेल्यांना तो घरगुती वाटतो. ठराव मंजूर होतात आणि मंडळी उठतात. त्या खोकल्याबद्दल ठरावात एक शब्दही नसतो.

आजच्या विषयाचे मर्म ह्या साध्या प्रसंगात आहे. हवेच्या प्रदूषणाची चर्चा आता वर्तमानपत्रांत रोज होते. कारखान्याची धुरांडी, मोटारींचा धूर, औष्णिक वीजकेंद्रांची राख हे सर्व दिसते, मोजले जाते आणि त्यावर मोर्चेही निघतात. परंतु माणूस दिवसाचे बहुतेक तास ज्या हवेत काढतो ती हवा चार भिंतींच्या आतली असते. लहान मूल, बाळंतीण, म्हातारी माणसे आणि घरकाम करणारी स्त्री ह्यांच्या बाबतीत तर ते अधिकच खरे आहे. ह्या हवेला अजून कोणी सार्वजनिक मानलेले नाही. ती ज्याची त्याची खासगी बाब समजली जाते. ही समजूत चुकीची आहे. घरातली हवा कशी असेल हे मजुरीचा दर, इंधनाची किंमत, घराची जागा आणि घरात स्त्रीला असलेले स्थान ह्या चार गोष्टी ठरवतात. ह्या चारही गोष्टी राजकारणाच्या आहेत, म्हणून घरातला धूरही राजकारणाचाच विषय आहे.

मगनवाडीचा धडा

हा विषय वर्ध्यात मांडताना उसनी उदाहरणे आणण्याची गरज नाही. चुलीच्या धुराचा विचार ह्या देशात ज्या थोड्या ठिकाणी सर्वप्रथम गंभीरपणे झाला, त्यांत वर्ध्याची मगनवाडी आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत संघाचे काम सुरू झाले आणि मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. अर्थशास्त्राचे शिक्षण परदेशात घेतलेले जे. सी. कुमारप्पा संघाचे कार्यवाह झाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले.

ह्या मगनवाडीत घाणी, हातकागद, मधमाशापालन यांबरोबर आणखी दोन वस्तूंवर काम झाले. एक होता मगनदीप. हा परदेशी रॉकेलऐवजी गावच्या तेलावर जळणारा दिवा होता. दुसरी होती मगन चूल. चाळीसच्या दशकात तयार झालेली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास प्रचारात आलेली ही मातीची चूल दिसायला साधी होती. जाळ एकाच तोंडाशी घालायचा, त्याची धग आतल्या नळीतून पुढच्या भांड्यांखालून न्यायची आणि उरलेला धूर धुराड्यातून छपराबाहेर सोडायचा, अशी तिची रचना होती. एका जाळावर एकाहून अधिक भांडी चढत. त्यामुळे सरपण वाचावे आणि डोळ्यांचे पाणीही थांबावे, हा उद्देश होता. पुढे हैदराबादेत डॉ. एस. पी. राजू यांनी ह्याच तत्त्वावर आपली चूल बनवली आणि १९५३ साली कोट्यवधींच्या धूरमुक्त स्वयंपाकघरांची कल्पना पुस्तिकेच्या रूपाने मांडली. वर्ध्यातच १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. तेथेही ग्रामीण घर, शौचालय आणि चूल ह्यांचा विचार विज्ञानाचे विषय म्हणून झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तेलघाणी वा हातकागद ह्यांतून विकाऊ माल निघतो, चुलीतून निघत नाही. तरीही कुमारप्पांच्या संघाने चुलीला ग्रामोद्योगाच्या विचारात जागा दिली. स्वयंपाक हेही उत्पादक श्रम आहेत, त्या श्रमाची हत्यारे सुधारली पाहिजेत आणि श्रम करणाराचे शरीर झिजता कामा नये, हे त्यात गृहीत होते. कारखान्यातल्या कामगारासाठी जी मागणी संघटित चळवळीने केली, तीच मागणी येथे चुलीपुढच्या कामगारासाठी होती.

समाजवादी विचारपरंपरेलाही हे नवे नाही. १९५३ साली जात आणि स्त्री-पुरुषभेद ह्या दोन विभागण्यांवर लिहिताना डॉ. राममनोहर लोहिया यांनी स्त्रीच्या स्वयंपाकघरातील गुलामीचा विचार केला, आणि चुलीच्या धुराला बाहेर जायला वाट हवी इतक्या साध्या गोष्टीपर्यंत ते गेले. मोठ्या तत्त्वचर्चेत धुराड्याचा उल्लेख कशाला, असे तेव्हाही काहींना वाटले असेल. परंतु समतेची परीक्षा अशाच ठिकाणी होते.

कवेलूंपासून स्लॅबपर्यंत

मगन चुलीचा काळ आणि आजचा काळ ह्यांत घरांचा फरक पडला आहे. पूर्वीचे वऱ्हाड-वर्ध्याकडचे गरिबाचे घर म्हणजे मातीच्या भिंती आणि वर कवेलू. पावसाळ्यात ते गळे, दरवर्षी शाकारावे लागे, माकडांनी कवेलू फोडले की घरभर पाणी होई. परंतु कवेलूंच्या फटींतून धूर निघून जात असे. सायंकाळी गावाकडे पाहिले तर प्रत्येक छपरातून धूर वर चढताना दिसे. घर गळके होते, पण ते श्वास घेत होते.

गळक्या घराचा कंटाळा येणे स्वाभाविक होते. कवेलू गेले आणि टिना आल्या. जमेल तेथे स्लॅब पडला. पक्के घर ही गरिबाची न्याय्य आकांक्षा आहे आणि तिची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु छप्पर बदलले तरी चूल तीच राहिली. फट बुजली आणि तिच्या जागी धुराडे वा झरोका काढण्याचा विचार ना मिस्त्रीने केला, ना योजना आखणाऱ्या अधिकाऱ्याने. वस्तीच्या वस्ती अशा रीतीने पक्की झाली आणि आत कोंडलेल्या धुराची झाली.

शहराच्या कडेला तर प्रश्न आणखी बिकट आहे. वर्धा शहर केव्हाच नगरपालिकेच्या हद्दीबाहेर पसरले आहे. सिंदी मेघे, पिपरी मेघे, बोरगाव मेघे, नालवाडी, सावंगी मेघे ही कागदोपत्री वाढलेली गावे, परंतु वस्तीने ती शहरच. हिंगणघाट आणि पुलगाव ही कापडगिरण्यांमुळे वाढलेली गावे. जिनिंग-प्रेसिंगवर, बांधकामावर, बाजारसमितीच्या हमालीवर, इस्पितळांच्या साफसफाईवर जगणारी कुटुंबे अशा ठिकाणी एका खोलीच्या भाड्याने राहतात. खोलीला एक दार असते. त्या दाराच्या आतच स्वयंपाक, निजणे, मुलांचा अभ्यास आणि आजाऱ्याची खाट. मागची भिंत शेजाऱ्याची असल्यामुळे तिला खिडकी काढता येत नाही. पुढची खिडकी असलीच तर रस्त्यावर उघडते, म्हणून लाजेने आणि डासांच्या भयाने ती बंद राहते. खेड्यात निदान उन्हाळ्यात अंगणात चूल मांडता येते. येथे अंगणच नाही.

राष्ट्रीय इमारत संहितेत ह्याचे नियम आहेत. कोरड्या उष्ण हवामानाच्या प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-दशांश इतके उघडे झरोके असावेत, असे ती सांगते. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीला ह्या हिशेबाने दहा चौरस फूट खिडकी हवी. भाड्याच्या किती खोल्यांत ती आहे? नियम पुस्तकात राहतो आणि खोलीचे भाडे मात्र दरमहा वसूल होते.

धूर शरीरात काय करतो

धुराने डोळे चुरचुरतात एवढे सर्वांना ठाऊक असते. डोळ्यांना न दिसणारा भाग अधिक घातक आहे. लाकूड, पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या जळताना त्यांचे ज्वलन पूर्ण होत नाही आणि अर्धवट जळलेल्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे तिसावा भाग. नाकातील केस आणि घशातील कफ त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि तेथून त्यांचा परिणाम रक्तवाहिन्यांवर व हृदयावर होतो. जोडीला कार्बन मोनॉक्साइड असतो. विदर्भातल्या थंडीत दार लावून कोळशाची शेगडी उशाशी ठेवण्याची सवय म्हणूनच जिवावर बेतते. ह्या वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मर्यादेनुसार हवेच्या एका घनमीटरमध्ये अशा सूक्ष्म कणांचे चोवीस तासांचे प्रमाण १५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. भारताची स्वतःची, बाहेरच्या हवेसाठीची मर्यादा ६० आहे. सरपणावर स्वयंपाक करणाऱ्या भारतीय घरांबद्दल २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चार राज्यांतील मोजमापांवर तो आधारलेला होता. त्यातील अनुमानाप्रमाणे स्वयंपाकघरातले चोवीस तासांचे सरासरी प्रमाण ४५० मायक्रोग्रॅमच्या आसपास आणि राहत्या खोलीतले ११३ च्या आसपास होते. म्हणजे चुलीजवळ न जाणारा माणूसही घरात बसून देशाच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट कण श्वासावाटे घेत होता. जेथे स्वयंपाकघर आणि राहती खोली एकच, तेथे हा भेदही उरत नाही.

परिणामांची यादी लांब आहे. पाच वर्षांखालील मुलांचा न्यूमोनिया, विडी-सिगारेट कधीही न ओढलेल्या स्त्रीचा श्वसनमार्ग कायमचा आकसणे, फुप्फुसाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात, मोतीबिंदू. ह्यांतील कितीतरी आजारांना वस्तीत 'दमा' किंवा 'वय झाले' एवढेच नाव मिळते. बाईच्या छातीची तक्रार इस्पितळाच्या कागदावर रोग म्हणून नोंदली जाते, परंतु तिच्या चुलीची नोंद कोठेच होत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१९ ह्या एका वर्षात भारतात घरातील इंधनाच्या धुरामुळे सुमारे ६ लाख १० हजार मृत्यू झाले. त्याच अभ्यासाप्रमाणे १९९० च्या तुलनेत ह्या मृत्यूंचा दर सुमारे ६४ टक्क्यांनी घटला. ही घट खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. धूर हे नशीब नाही, तो हटवता येतो, हेच तिने सिद्ध केले. मग उरलेल्या सहा लाखांचे उत्तरदायित्व नशिबावर ढकलता येत नाही.

चुली वाटल्या गेल्या, धूर राहिला

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८३ च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ साली केंद्राने तो थांबवला तोपर्यंत देशात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्याची नोंद झाली. परंतु काम उद्दिष्टाच्या आकड्यांवर चालले. चूल बसली की आकडा पुरा होई. धुराडे काजळीने भरले तर ते साफ कसे करायचे, भेग पडली तर कोण बुजवणार, मोठे भांडे तोंडावर बसत नसेल तर काय करायचे, हे विचारायला कोणी परत येत नसे. पुढे ओडिशातील सुधारित चुलींवर अर्थशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे लक्ष ठेवले. पहिल्या वर्षानंतर धुराचा फरक जवळजवळ नाहीसा झाला आणि आरोग्यात सुधारणा दिसली नाही, असा निष्कर्ष त्यांनी २०१२ साली मांडला. कारण साधे होते. चुलींची देखभाल झाली नाही आणि वापरही टिकला नाही.

आणखी एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण आपल्याच परंपरेतल्या गोष्टीची चिकित्सा टाळणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. धुराडे धूर नाहीसा करत नाही, ते तो घराबाहेर टाकते. विरळ वस्तीच्या खेड्यात ते पुरेसे होते. दाट वस्तीत एका घराचा बाहेर टाकलेला धूर दुसऱ्या घराच्या खिडकीतून आत येतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २०१५ च्या भारतातील बाहेरच्या हवेतल्या सूक्ष्म कणांपैकी सुमारे एक-चतुर्थांश कण घरगुती सरपणाच्या धुरातून आलेले दाखवले. आतली हवा आणि बाहेरची हवा ह्या वेगळ्या नाहीतच. मगन चुलीने प्रश्न अचूक विचारला होता, उत्तराची पहिली पायरीही बांधली होती. पुढची पायरी स्वच्छ जळणारे इंधन ही आहे.

गॅस आला, पण टिकला का?

ही पायरी उज्ज्वला योजनेने काही प्रमाणात गाठली. १ मे २०१६ रोजी ती सुरू झाली. आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी महाराष्ट्रातच, त्या वेळच्या औरंगाबादेत, समारंभपूर्वक देण्यात आली. जोडणी घरातल्या स्त्रीच्या नावे, ही तरतूद स्वागतार्हच होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील ५८.६ टक्के कुटुंबे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करीत होती. शहरांत हे प्रमाण ८९.७ टक्के आणि ग्रामीण भागात ४३.२ टक्के होते.

शहरांतला हा आकडा पाहून समाधान मानणाऱ्यांनी दोन गोष्टींचा विचार करावा. पहिली अशी की पाहणीत कुटुंबाचे मुख्य इंधन विचारले जाते. सिलिंडरवर चहा-भाजी होते आणि त्याच घरामागे तीन विटांवर आंघोळीचे पाणी तापते, पोळ्या भाजल्या जातात, तो धूर ह्या आकड्यात दिसत नाही. दुसरी गोष्ट अशी की जोडणी मिळणे आणि सिलिंडर भरून आणता येणे ह्यांत मोठे अंतर आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात दाखवले की डिसेंबर २०१८ अखेर उज्ज्वलाच्या लाभार्थींची वर्षाची सरासरी ३.२१ सिलिंडरांची होती. पाच माणसांच्या घराचा संपूर्ण स्वयंपाक गॅसवर करायचा तर महिन्या-दीड महिन्याला एक सिलिंडर लागतो. म्हणजे वर्षातले बरेच महिने त्या घरात पुन्हा चूल पेटत होती.

ती का पेटते, ह्याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. जुलै २०२२ मध्ये दिल्लीत १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरची किंमत १,०५३ रुपये झाली होती. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दिवसाचा दर २५६ रुपये होता. एका सिलिंडरसाठी चार दिवसांहून अधिक मजुरी. उज्ज्वला लाभार्थीला तेव्हा जाहीर झालेली २०० रुपयांची सूट वजा केली तरी तीन दिवसांहून अधिक. पऱ्हाट्या मात्र कापूस वेचून झाला की शेताच्या बांधावर फुकट पडलेल्या असतात. त्यांची किंमत पैशांत मोजली जात नाही, ती बाईच्या पाठीवरच्या भाऱ्यात आणि तिच्या छातीत मोजली जाते. "बायकांना चुलीवरच्या भाकरीची चव आवडते, म्हणून त्या गॅस वापरत नाहीत" असा युक्तिवाद ऐकू येतो. ही चव आवडणारे बहुधा भाकरी भाजणारे नसतात, खाणारे असतात.

पुढे केंद्राने अनुदान वाढवले, दरही काही काळ खाली आणले. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची योजना जाहीर केली. अशा घोषणांचे स्वागत करावे, परंतु त्यांची वेळही ध्यानात ठेवावी. निवडणुकीआधी मिळणारी सवलत ही कृपा असते. कायद्याने बांधलेला दर हा हक्क असतो. कार्यकर्त्यांनी हक्काच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.

गॅसच्या घरातही

ज्यांच्या घरी बारा महिने गॅस आहे त्यांनी आपण ह्यातून सुटलो असे समजू नये. गॅसच्या ज्योतीतूनही नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात आणि तळणाचा, फोडणीचा धूर इंधन कोणतेही असले तरी होतोच. म्हणून गॅस असला तरी खिडकी हवीच. रॉकेलचा स्टोव्ह तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच घरगुती वापरासाठी नको असलेल्या इंधनांत बसवला.

रात्री डासांची कॉइल पेटते. चीन व मलेशियातील कॉइलींच्या तपासणीवर २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका कॉइलीतून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघालेले आढळले. ज्या बापाने मुलाजवळ विडी ओढणे सोडले, तोच मुलाच्या उशाशी रात्रभर कॉइल लावतो. दोष त्याचा नाही. वस्तीतली गटारे उघडी आहेत, पाणी साचले आहे, डेंग्यूची भीती खरी आहे. नगरपालिकेने गटार झाकले नाही त्याचा धूर त्या खोलीत जळतो. अगरबत्ती, धूप, घरात ओढली जाणारी विडी, ओलीने धरलेली बुरशी, खिडकीखाली जाळलेला कचरा हे सारे त्यात मिळते. पैसेवाले दार-खिडक्या लावून हवा शुद्ध करण्याचे यंत्र विकत घेऊ शकतात. पाण्याच्या बाबतीत हेच घडले. नळाच्या पाण्यावरचा विश्वास उडाला आणि ज्याला परवडेल त्याने बाटली घेतली. उद्या शुद्ध हवाही ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे मिळू लागली तर ती निसर्गाची देणगी राहणार नाही, ती बाजारातली वस्तू होईल.

कार्यकर्त्यांचे काम

जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने शुद्ध हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. त्यातील शहरांच्या यादीत विदर्भातील नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला आहेत, वर्धा नाही. तसेही हा कार्यक्रम चौकातली हवा मोजतो, चुलीपुढची नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात पैसा नसतो. म्हणून पहिले काम मोजणीचे आहे, आणि त्यासाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने आपल्या वॉर्डातील शंभर घरांची साधी पाहणी करावी. मुख्य इंधन कोणते, दुसरे कोणते, वर्षात सिलिंडर किती आले, स्वयंपाकाच्या जागेला खिडकी किंवा धुराडे आहे काय, घरात जुना खोकला कोणाला आहे. पाच प्रश्न पुरेत. जिल्ह्यात विज्ञान महाविद्यालये आहेत, सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांच्या अध्यापकांचे आणि विद्यार्थ्यांचे साह्य मागता येईल.

ह्या पाहणीतून मागण्या आपोआप पुढे येतील. सिलिंडरचा गरिबासाठीचा दर मजुरीच्या दराशी बांधला जावा, एका दिवसाच्या मजुरीपेक्षा तो अधिक नसावा. घरकुलाचा नकाशा मंजूर करताना स्वयंपाकाच्या जागेची खिडकी आणि धूर जाण्याची वाट ही अट कागदावर न राहता जागेवर तपासली जावी. भाड्याच्या खोल्यांनाही झरोक्याची सक्ती असावी, आणि ती करताना भाडेकरूला हुसकले जाणार नाही याची हमी असावी. शहराला लागून असलेल्या मोठ्या ग्रामपंचायतींना शहरी सोयींतून वगळू नये. छातीच्या तक्रारीसाठी येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला तिच्या इंधनाविषयी विचारून त्याची नोंद व्हावी.

महाराष्ट्रात ह्या कामाला इतिहासाचा आधार आहे. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया लाटणी हातात घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या. धान्य, तेल, साखर, रॉकेल ही स्वयंपाकघरातली चिंता त्यांनी मंत्रालयाच्या दारात नेली. त्या लढ्याने इंधन मिळावे ही मागणी राजकारणात आणली. ते इंधन कोणाच्या फुप्फुसावर जळते, हा प्रश्न आता त्याच रस्त्यावर आणायचा आहे.

एक काम मात्र मोर्च्याने होणार नाही. ते ज्याच्या त्याच्या घरात करायचे आहे. धुरापुढे बसण्याचे काम जोवर केवळ बाईचे आहे, तोवर धुराड्याचा खर्च घराच्या खर्चात शेवटी येईल आणि मोटारसायकलचा हप्ता आधी जाईल. कार्यकर्त्याने आठ दिवस स्वतः चूल पेटवावी, पऱ्हाट्या फुंकाव्यात, भाकऱ्या भाजाव्यात. नवव्या दिवशी घराच्या भिंतीला भोक पाडण्यासाठी तो स्वतःच सब्बल शोधील.

पुढच्या बैठकीत कापसाच्या भावाचा ठराव जरूर व्हावा. परंतु सतरंजी ओसरीवर पसरण्याआधी मंडळींनी एकदा आत जाऊन चुलीपुढे पाच मिनिटे उभे राहावे. डोळे पुसत बाहेर आल्यावर जी चर्चा होईल, तिच्या कार्यक्रमपत्रिकेत तो खोकला आलेला असेल.